संगणकवाल्या मॅडम आणि आईचा पासवर्ड

संगणकवाल्या मॅडम आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रात शिरल्या की आई खुर्चीवरून उठायची, आणि मॅडम तिला खांद्याला धरून परत बसवायच्या. "ताई, हात तुमचे, डोळे माझे," असं म्हणून त्या आईच्या पाठीमागे उभ्या राहायच्या, दोन्ही हात मागे बांधून. कळफलकाला त्यांनी कधी बोट लावलेलं मला आठवत नाही. काम कितीही लांबलं तरी त्या उभ्याच असायच्या. आणि माझ्यासमोर "तूच कर बाई, मला न्हाई जमत" म्हणणारी माझी आई त्यांच्यासमोर पाठ ताठ करून टकटक टाइप करायची.

मला ते बघवायचं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मी त्यांच्याबद्दल पुढे जे लिहीन त्यातलं किती खरं धरायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वडील साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात. आई सातवीपर्यंत शिकली आहे. गावच्या महिला दूध संस्थेनं तिला केंद्रावर बसवायचं ठरवलं तेव्हा तिला कळफलक मी शिकवला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळी बटणं काढून दिली. भाकरी भाजताना ती तो कागद शेजारी ठेवायची आणि एक भाकरी फुगेपर्यंत त्यावर बोटं फिरवायची. मी विचारायचे, "एस कुठंय?" ती चुकली की मी हसायचे. मॅडम हसायच्या नाहीत. एवढाच काय तो फरक, असं आई म्हणते. मला तो एवढा मोठा वाटत नाही.

मॅडम तालुक्याच्या दूध संघात संगणक विभागात होत्या आणि देवळाली प्रवरा इथं राहायच्या. गावोगावची केंद्रं त्यांच्याकडे होती. त्या स्कूटीवरून यायच्या, आणि पाऊस नसतानाही अंगात रेनकोट घालून यायच्या. गळीत हंगामात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि हवेत कारखान्याची काजळी; कपडे खराब होतात म्हणून रेनकोट. गावातली पोरं त्यांच्यामागे "पाऊस आला, पाऊस आला" म्हणत पळायची. त्या स्कूटी थांबवून आभाळाकडे बघायच्या आणि गंभीरपणे म्हणायच्या, "अजून नाही आला. आला की सांगा."

त्या साखर खात नसत. "साखरेच्या धुरात राहायचं आणि वर साखर पण खायची?" म्हणून पर्समध्ये गुळाची डबी. आमच्या केंद्रात पहिल्यांदा चहा घेतला तेव्हा त्यांनी गूळ चहात टाकला आणि चहा फाटला. त्यांनी तो तसाच शांतपणे प्यायला. पण दारात किटल्या घेऊन उभ्या असलेल्यांनी ते पाहिलं, आणि दुपारपर्यंत गावात बातमी झाली की केंद्रावरचं दूध नासलं. आईला त्या दिवशी घरोघर जाऊन सांगावं लागलं की दूध चांगलं आहे, मॅडमच तशा आहेत.

"मॅडमच तशा आहेत" हे वाक्य तेव्हापासून आमच्या घरात आलं आणि राहिलं. वडीलसुद्धा म्हणायला लागले. माझ्याबद्दल असं एकही वाक्य घरात नव्हतं.

त्यांच्यासमोर "चालत नाही" असं म्हणायला बंदी होती. कुणी म्हणालं की संगणक चालत नाही, तर त्या म्हणायच्या, "त्याला पाय आहेत का? काय दिसलं ते सांगा. काय वाटलं ते चहाच्या वेळी." पडद्यावर इंग्रजीत काही चूक दाखवली तर ती त्या मोठ्यानं वाचायच्या, दवंडी दिल्यासारखी, आणि मग जवळ जो असेल त्याला तिचा अर्थ सांगायच्या. एकदा दूध घालायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना त्यांनी सांगितलं, "बाबा, हे म्हणतंय की आत येऊ देणार नाही." बाबा म्हणाले, "मग माघारी जावा की. भांडताय कशाला?" मॅडम खूप हसल्या. आई त्यांच्यापेक्षा जास्त हसली. घरी आई अशी हसत नाही.

पासवर्डची गोष्ट सांगायची तर आधी प्रशिक्षणाबद्दल सांगायला हवं.

नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा संघाच्या हॉलमध्ये सगळ्या गावांतल्या केंद्रांवरच्या बायकांना बोलावलं होतं. आईला सोबत म्हणून मी गेले. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा नियम असा होता की पासवर्डमध्ये अक्षरं हवीत, आकडा हवा आणि एक चिन्ह हवं. बायका गोंधळल्या. अक्षर कळतं, आकडा कळतो, चिन्ह म्हणजे काय? मॅडमनी कळफलकावरची सगळी चिन्हं फळ्यावर मोठी मोठी काढली आणि म्हणाल्या, "यांची इंग्रजी नावं विसरा. तुमच्या घरात यातलं काय आहे ते बघा. घरातलं निवडलं की विसरत नाही."

बायका माना पुढे काढून फळ्याकडे बघायला लागल्या. मग मागून एक बाई म्हणाली, "ती तर इनलेली बाज हाय!"

"बरोबर. ही तुमची बाज."

मग सुरू झालं. कुणाला चांदणी दिसली, कुणाला छप्पर, कुणाला फणा काढलेला नाग. एकीला जिलबी दिसली. "मॅडम, मला जिलबी द्या." शेजारची लगेच म्हणाली, "तुला शुगर हाय की गं!" सगळा हॉल हसला.

"घ्या जिलबी," मॅडम म्हणाल्या, "पण कुणाला सांगायचं नाही. नवऱ्याला सुद्धा नाही."

"नवऱ्याला फोनचा न्हाई सांगत, ह्यो कुठनं सांगू!"

मी मागच्या खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होते. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पासवर्ड असा असावा ज्याचा आपल्याशी काहीही संबंध नाही. मॅडम नेमकं उलटं शिकवत होत्या. मला बरं वाटलं. वाटलं, यांना काही सगळंच येत नाही.

परतताना एसटीत मी आईला विचारलं, "तू कोणतं घेतलंस?"

"मॅडमनी सांगितलंय, कुनाला सांगायचं न्हाई."

"अगं, मी कुणी परकी आहे का?"

"मग कोन हाईस?" असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. ती चेष्टा करत होती हे मला कळत होतं. तरी गावचा पूल येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

ते सॉफ्टवेअर वर्षभर नीट चाललं. मग एका थंडीत पुण्याच्या कंपनीनं त्यात काही बदल केले. संगणक चालू झाला की आधी एक छोटी फाइल आपोआप सुरू व्हायची, आईनं तिच्यात एकदाच लिहून ठेवलेल्या पासवर्डनं ती डेटाबेसमध्ये शिरून नवे बदल करायची आणि मग रोजचं काम उघडायचं. निदान तसं व्हायला हवं होतं. आमच्या केंद्रात पहिल्याच सकाळी पडद्यावर पाटी आली की पासवर्ड चुकीचा आहे. फाइल पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली, आणि दुसरी पाटी आली: वारंवार चुकीचा पासवर्ड दिल्यामुळे खातं बंद केलं आहे.

दारात किटल्यांची रांग. आईनं कागदावर लिहून दूध घेतलं. संघाला फोन केल्यावर त्यांनी तिकडून खातं उघडून दिलं, आणि मग आईनं तोच पासवर्ड टाकला तर सगळं व्यवस्थित उघडलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळीही.

आमची संस्था महिलांची आहे. चेअरमनबाई आहेत, पण त्यांच्या वतीनं बोलायचे त्यांचे मालक, आणि गाव त्यांनाच चेअरमन म्हणतं. ते रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, पासवर्ड इसरता जनू."

"न्हाई इसरले."

"मशीन खोटं बोलंल व्हय?"

"मग मी बोलंल व्हय?"

"खोटं म्हनत न्हाई मी. पन एकदा बरुबर, एकदा चूक, यालाच इसरनं म्हनत्यात. वय हुतं मानसाचं." मग इकडे तिकडे बघत म्हणाले, "माझा भाचा कम्प्युटरचा कोर्स करून घरीच बसलाय. ह्या आठवड्यात न्हाई सुधारलं तर त्याला बसवू. तुमालाबी आराम."

आई दूध मोजत राहिली. पण त्या दिवशी घरी आल्यावर तिनं भाजीत मीठ दोनदा टाकलं, आणि चव घेतल्यावर एकदम म्हणाली, "बघ, खरंच इसरती का काय मी?" मला आईची भीती पहिल्यांदा तेव्हा दिसली. ती खुर्ची तिच्यासाठी काय होती हे मला माहीत होतं. गावात लोक तिला आधी ट्रॅक्टरवाल्याची बायको म्हणायचे. केंद्रावर बसायला लागल्यापासून नावानं ओळखायचे.

मी ठरवलं की हे मीच सोडवायचं. डेटाबेस या विषयात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, आणि ते आईला मी सांगितलंही होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं." कॉलेज बुडवून मी केंद्रात बसले. तारा तपासल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, मॅडम सोडून संघाच्या ऑफिसात सगळ्यांना फोन केले. काही कळेना. रोजच्या कामाला तोच पासवर्ड चालतो आणि अपडेटला चालत नाही, हे माझ्या पुस्तकात कुठंच नव्हतं. मग शेजारच्या गावातल्या मैत्रिणीकडून समजलं की त्यांच्याकडेही हेच झालं होतं. त्यांच्या बाईंनी पासवर्ड बदलून साधा केला, आणि त्रास गेला.

मी आनंदानं आईला सांगितलं, "साधा पासवर्ड टाकू. मिटलं."

आई म्हणाली, "न्हाई."

"का?"

"बदलल्यावर चालू झालं तर चेअरमन काय म्हनतील? म्हनतील, बघा, सोपा दिला तर राहिला ध्यानात. माझं इसरनं पक्कं झालं की मग."

"पण काम तर सुरू होईल ना?"

"काम तर भाचाबी सुरू करंल." ती थांबली आणि म्हणाली, "मॅडमला फोन लाव."

मी तीन दिवस तिथं बसले होते. पण तिला शेवटी मॅडमच आठवल्या. मी फोन लावून तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आतून तिचा आवाज येत होता, न थांबता, सगळं सांगणारा. मला तिनं एवढं सविस्तर काहीच सांगितलं नव्हतं. अर्थात मी विचारलंही नव्हतं. मी थेट तारा तपासायला लागले होते.

दुपारी मॅडम आल्या. रेनकोट काढून त्यांनी खिळ्याला अडकवला, आईला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काय दिसलं?"

आईनं सांगितलं. आधी कोणती पाटी, मग कोणती, फोन केल्यावर काय, तोच पासवर्ड नंतर कसा चालला. मी मध्येच म्हटलं, "मला वाटतं नेटवर्कचा..."

"वाटलेलं चहाच्या वेळी," मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या. आईनं ओठ दाबून हसू आवरलं. ते हसू मी अजून विसरले नाही.

मग त्या आईच्या कानाशी वाकल्या. "ताई, पासवर्ड सांगू नका. फक्त चिन्ह कोणतं ते सांगा. हळू."

आई त्यांच्या कानात बोलली. एका चिन्हाला एवढा वेळ लागत नाही. तिनं बराच वेळ काहीतरी सांगितलं, आणि मॅडमनी मागे होऊन तिच्याकडे पाहिलं. "अगं बाई! खरंच?" आईनं मान हलवली. दोघी हसल्या. मी दुधातला फॅट मोजायच्या मशीनजवळ उभी होते, दुसऱ्या कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यासारखी.

त्यानंतर त्यांनी आईला ती अपडेटची फाइल उघडायला लावली. आईनं उघडली. मॅडमनी पासवर्डची ओळ आईला तळहातानं झाकायला लावली आणि बाकीची एकेक ओळ दवंडीच्या आवाजात वाचली. बाहेर ओट्यावर बसलेले दोघे-तिघे आत डोकावले. मग त्यांनी आईला फाइलची एक वेगळी प्रत करायला लावली आणि आईच्या खऱ्या पासवर्डच्या जागी खोटा लिहायला सांगितला: इंग्रजीत 'दूध', मग टक्क्याचं चिन्ह, मग 'गाय'. फाइलला पासवर्ड म्हणून नेमकं काय मिळतं, तेवढंच पडद्यावर दाखवायला लावलं.

पडद्यावर आलं, 'दूधगाय'.

"काय दिसलं?" मॅडमनी विचारलं. आईनं पडद्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवलं.

मी म्हटलं, "चिन्ह गेलं."

त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "कुठं गेलं?"

"फाइलनं गिळलं."

"का?"

आणि मला एकदम आठवलं. हे आम्ही प्रॅक्टिकलला केलं होतं. त्या प्रकारच्या फाइलीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'आता कशाचं तरी नाव येतंय' अशी खूण असते. ते एकटंच आलं तर फाइल त्याला साधं अक्षर मानत नाही, टाकून देते. रोजचं सॉफ्टवेअर वेगळ्या पद्धतीनं पासवर्ड घेतं, म्हणून तिथं तो पूर्ण पोचतो. फाइल मात्र दर वेळी एक अक्षर कमी असलेला पासवर्ड घेऊन डेटाबेसच्या दारात उभी राहायची, नाकारली जायची, पुन्हा उभी राहायची, आणि खातं बंद पडायचं. मी हे सगळं भराभर सांगितलं.

मॅडमनी मान डोलावली. आणि मग आईकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ताई? तुम्ही पूर्ण दिला होता. वाटेत सांडला."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मी सांगितलं होतं सगळं, पण ती रडली त्यांच्या वाक्यावर.

मी म्हटलं, "म्हणजे तू फॅटचा टक्का घेतलास होय चिन्ह म्हणून."

"टक्का न्हाई ते," आई म्हणाली.

"मग?"

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिळ्यावरचा रेनकोट नीट करायला लागल्या. आई म्हणाली, "कावड हाय. दोन घागरी, मधी काठी. तुझा आज्जा कोल्हारच्या बाजाराला कावडीनं दूध न्यायचा. मी लहान हुते, मागं मागं पळायची."

आईचे वडील माझ्यासाठी भिंतीवरचा एक फोटो होते. ते दूध न्यायचे हे मला माहीत नव्हतं. कावडीनं न्यायचे हे तर नाहीच.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलं?"

"मॅडमनी विचारलं होतं?"

"त्यांनी फळ्यावर काढलं की," आई म्हणाली.

तो फळा मीही बघितला होता. मला त्यात टक्काच दिसला होता.

दुरुस्ती सोपी होती. त्या फाइलीत चिन्ह दोनदा लिहिलं की एक शिल्लक राहतं. पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "दुरुस्ती सकाळी, दूध घालायच्या वेळी करायची," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर बोलले ना? मग सगळ्यांसमोर."

दुसऱ्या सकाळी त्या उजाडायच्या आत हजर होत्या. चेअरमन आले. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बसा. पण खऱ्या चेअरमनबाईंना बोलवा. संस्था त्यांची आहे." चेअरमन हसून म्हणाले, "तिला काय कळतंय ह्यातलं?" मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला जेवढं कळतंय तेवढं." रांगेतून कुणीतरी खोकलं. चेअरमनबाई पिठाचे हात पुसत आल्या.

मग मॅडमनी आईला उठवलं आणि त्या खुर्चीवर चेअरमनना बसवलं. "हात तुमचे," त्या म्हणाल्या. त्यांना त्या खोट्या पासवर्डची फाइल दिली आणि तो खोटा पासवर्ड त्यांच्याच बोटानं लिहायला लावला. एकेक अक्षर शोधत त्यांनी तो लिहिला.

"पूर्ण लिहिला ना?"

"लिवला की."

"मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचला. सगळ्यांनी ऐकला. मॅडमनी फाइल चालवायला लावली. पडद्यावर मधलं चिन्ह नव्हतं.

"मशीन म्हणतंय की तुम्ही अर्धाच लिहिला," मॅडम म्हणाल्या. "विसरलात का?"

चेअरमन पडद्याकडे, मग आपल्या बोटाकडे बघत राहिले. चेअरमनबाई म्हणाल्या, "ते इसरत्यात. घरी रोज इसरत्यात. पन ही न्हाई इसरली."

रांगेत जोरात हशा पिकला. चेअरमनही शेवटी हसले, काय करणार? मग आई तिच्या जागेवर बसली. खऱ्या फाइलीत तिनं आपलं चिन्ह दोनदा लिहिलं. तेवढा वेळ मॅडमनी सगळ्यांना दाराकडे तोंड करायला लावलं, मलाही. आईनं संगणक पुन्हा चालू केला. बदल झाले, रोजचं काम उघडलं, आणि आई म्हणाली, "या, पहिली किटली कुनाची?"

चेअरमनबाई जाताना मालकांना म्हणाल्या, "वैनी हितंच बसंल. भाच्याला दुसरं बघा." त्यांना संस्थेबद्दल एवढं बोलताना गावानं पहिल्यांदा ऐकलं.

मॅडम त्यानंतर चहाला थांबल्या, गुळाशिवायच्या. तेव्हा त्या म्हणाल्या की इतर गावांतही हेच झालं होतं, पण सगळ्यांनी पासवर्ड बदलून टाकले, म्हणून खरी चूक कुणाला दिसलीच नाही. "तुम्ही अडून बसलात म्हणून सापडली. आणि चिन्हं घरातली घ्या असं मीच शिकवलं. ती फाइलीला पचतील का ते मी बघायला हवं होतं. तेवढी चूक माझी." मग तिथूनच त्यांनी पुण्याच्या कंपनीत फोन लावला आणि कुणाला तरी सांगितलं, "आमच्या बायका काय वाटेल ते चिन्ह टाकतील. तुमच्या फाइलीनं ते जसंच्या तसं न्यायचं. वाटेत खायचं नाही." काही दिवसांनी सुधारलेली फाइल आली.

गावात मॅडमचं नाव झालं. आईचं तर झालंच. मी प्रॅक्टिकलमधलं उत्तर दिलं होतं, त्याची आठवण कुणाला नव्हती. एकदा मी ती आईला करून दिली, तर ती म्हणाली, "व्हय की, तू बी हुतीस."

मी त्यांच्यात खोट शोधायचा खूप प्रयत्न केला. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं. त्या हट्टी होत्या; एका केंद्रावर उंदरानं तार कुरतडली होती आणि त्या दिवसभर फाइलीतच चूक शोधत बसल्या होत्या, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी ते आईला रंगवून सांगितलं. आई म्हणाली, "मला म्हाईत हाय. त्यांनीच सांगितलं. लई हसलो आमी." आता जो माणूस स्वतःची फजिती स्वतःच सांगून टाकतो, त्याच्यावर जळणाऱ्यानं जळायचं तरी कसं?

पुढे मॅडम जामखेडकडच्या एका संघात गेल्या. खर्ड्याजवळ त्यांचं माहेर आहे, आईवडील थकलेत. निरोपाला आईनं त्यांना साडी नेसवली आणि गुळाची ढेप दिली. मला वाटलं, आता संपलं. पण त्यांचा फोन येतो, नाहीतर आई लावते. माझ्या परीक्षेच्या तारखा त्यांना माहीत असतात. आईचा गुडघा दुखतो हे मला त्यांच्याकडून कळलं.

या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मी स्वतः एक अपडेटची फाइल लिहिली. पासवर्डमध्ये कळफलकावरचं कुठलंही चिन्ह असो, तो जसाच्या तसा नेणारी. कॉलेजातल्या संगणकावर ती चालली, पण मला ती आईच्या पासवर्डवर चालवून बघायची होती. संघाची परवानगी काढून, डेटाबेसची वेगळी प्रत घेऊन मी केंद्रात गेले. आईनं आपला पासवर्ड टाकला. फाइल एका दमात चालली.

आई पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "झालं?"

"झालं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि किटल्या विसळायला उठली.

घरी आल्यावर मी कणीक मळायला बसले. आईनं ओसरीवर बसून फोन लावला. "मॅडम, पोरीनं फाइल लिवली. माझ्या पासवर्डावर चालवून दावली. एका दमात चालली. कुनाला इचारलं न्हाई तिनं, एकटीनं केलं." मग आवाज जरा खाली करून, म्हणजे स्वयंपाकघरात अगदी स्पष्ट ऐकू येईल एवढाच खाली करून, "लई हुशार हाय वो माझी पोर. तिच्या तोंडावर म्हनत न्हाई मी."

माझे हात परातीत थांबले. हे वाक्य मी दहावीच्या निकालापासून ऐकायला टपले होते, आणि ते आमच्या ओसरीवरून निघून थेट खर्ड्याला गेलं होतं.

तिकडून मॅडमनी काहीतरी विचारलं. आई हसली. "व्हय, जळती की तुमच्यावर. मला कवाच कळलंय."

मी पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिले. "आई, त्यांना जे सांगितलंस ते मला सांग."

आईनं फोनवर हात ठेवला. "ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"मग झालं की," ती म्हणाली, आणि मॅडमशी पुढे बोलायला लागली.